आधी चाकं बघा: दोन महायुद्धांमधल्या डच खेळण्यातल्या मोटारी ओळखायला शिकताना

२७ एप्रिलला नेदरलँड्समध्ये राजाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी कुणीही, परवाना वगैरे न काढता, फुटपाथवर चादर अंथरून घरातली अडगळ विकायला बसू शकतं. पोरंसोरं तर हमखास बसतात. अशाच एका चादरीवर मला एक लाकडी ट्रक दिसला. लाल केबिन, निळा हौदा, पिवळी चाकं. विकणारा मुलगा नऊ-दहा वर्षांचा असेल. चार युरो म्हणाला, मी घासाघीस न करता दिले. घरी येऊन उलटा केला तर तळाला कागदाचं अर्धवट सोललेलं लेबल होतं, मळकट, वाचता न येणारं. भांडी घासायचा साबण घेतला आणि कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसलं. अक्षरं बोळ्यावर आली. लेबल कोरं झालं.

तो ट्रक कुणी बनवला हे आता मला कधीच कळणार नाही. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा की हे शिकवणारा माणूस स्वतः त्या बोळ्याने शहाणा झाला आहे.

पहिली पायरी: 'डच' म्हणजे काय, ते ठरवा

नवखा माणूस इथेच घसरतो. त्याला वाटतं, जर्मन गाडी जर्मनीची आणि इंग्लिश गाडी इंग्लंडची, तशी डच गाडी नेदरलँड्समध्ये बनलेली असणार. पण १९१९ ते १९४० या काळात डच घरातल्या मुलाच्या हातातली मोटार बहुतेक वेळा बाहेरून आलेली असायची. कारण साधं आहे. देशाला स्वतःची म्हणावी अशी मोटार जवळजवळ नव्हतीच. ॲमस्टरडॅमची स्पायकर ही नावाजलेली मोटार कंपनी होती, ती १९२६ मध्ये संपली. डाफ या दुसऱ्या डच कंपनीची पहिली मोटार आली ती थेट १९५८ साली. मधल्या काळात रस्त्यावर परदेशी गाड्या होत्या. फ्रान्सची सिट्रोएन होती, आणि १९३२ पासून ॲमस्टरडॅमच्या कारखान्यात फोर्ड जोडल्या जाऊ लागल्या. रस्त्यावर जे होतं तेच खेळण्याच्या दुकानात आलं. त्यातही पत्र्याचं खेळणं म्हटलं की न्यूरेंबर्ग. जर्मनीचं हे शहर तेव्हा जगभर खेळणी पाठवत होतं आणि नेदरलँड्स तर शेजारीच.

म्हणून मी दोन वेगळे कप्पे करतो. एक 'डच घरातली गाडी': म्हणजे ५ डिसेंबरच्या संध्याकाळी सिंटरक्लासने, मुलांना भेटी आणणाऱ्या त्या दाढीवाल्या डच संताने, आणलेली, पण बनलेली कुठेही. दुसरा 'डच हातची गाडी'. दुसऱ्या कप्प्यात दोन महायुद्धांमधला माल थोडा आहे आणि तो बहुतेक लाकडी आहे. मला स्वतःला तोच जास्त आवडतो. पण पहिला कप्पा समजल्याशिवाय दुसऱ्यातलं वेगळेपण दिसत नाही.

दुसरी पायरी: चाकं

गाडीचा आकार फसवतो, चाकं सहसा फसवत नाहीत. कारण असं की पत्रा दाबायचे साचे महाग असत. एकदा साचा केला की कारखाना त्यातून वर्षानुवर्षं तोच सांगाडा काढत राही आणि दरवर्षी फक्त वरचं छापकाम बदले. त्यामुळे १९२४ सालच्या धाटणीची गाडी १९३२ मध्ये बनलेली असू शकते. चाकं मात्र स्वस्त असतात आणि ती आधी बदलतात.

१९२० च्या दशकातल्या साध्या पत्र्याच्या गाडीला पत्र्याचीच चकती असते आणि त्यावर आरे छापलेले असतात. भिंगातून बघितलं तर आऱ्यांच्या मागची सावलीसुद्धा छापलेली दिसते. टायरही छापीलच, करडा किंवा पांढरट. पुढे आरे जाऊन भरीव चकतीचं चित्र आलं, कारण खऱ्या मोटारींनाही तशी चाकं बसू लागली होती. १९३० च्या दशकात चांगल्या गाड्यांना रबराचे खरे टायर मिळाले. ऐंशी-नव्वद वर्षांनी ते रबर दगडासारखं कडक झालेलं असतं, चिरलेलं असतं, एका बाजूने चपटं बसलेलं असतं. मऊ, काळंभोर, लवचिक रबर दिसलं की टायर नंतर बदललेत असं धरून चला. त्यात पाप काही नाही, पण किंमत कमी व्हायला हवी.

ओतीव धातूच्या छोट्या गाड्यांबद्दलही इथेच सांगून टाकतो. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३३ च्या डिसेंबरात छोट्या मोटारींचा पहिला संच काढला. १९३४ पासून त्यांना डिंकी टॉइज हे नाव पडलं. युद्धापूर्वीच्या डिंकीच्या चाकाची चकती सहसा गुळगुळीत असते, टायर पुष्कळदा पांढरे. युद्धानंतरच्या चकतीवर गोल उंचवटा दिसतो. विकणारा 'युद्धापूर्वीची आहे' म्हणाला की मी काही न बोलता नखाने चकती चाचपतो.

तिसरी पायरी: छत, नाक, शेपूट

चाकांनंतर आकाराकडे वळा. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हाची खेळण्यातली मोटार म्हणजे अजून जवळजवळ बग्गीच होती: उभट, उघडी, पुढची काच ताठ आणि ड्रायव्हर बाहेर बसलेला. ड्रायव्हर पत्र्याचा, चपटा, त्याचा चेहरा दोन्ही बाजूंनी छापलेला. हा माणूस हरवलेला असतो तेव्हा सीटमध्ये दोन बारीक चिरा उरतात. त्या शोधा.

१९२० च्या दशकात रस्त्यावर बंद गाड्या वाढल्या, तशी खेळण्यांवरही छतं आली. इथे एक मजा बघा. खऱ्या मोटारीला छत देणं खर्चाचं होतं, पण खेळण्याच्या कारखान्याला छताने सोयच झाली. आतल्या सीटा नकोत, माणसं नकोत, सगळं खिडक्यांवर छापून टाकता येतं. खिडकीत टोपीवाल्या बाई, मागे कुत्रा, सगळे कागदासारखे चपटे. मोटार कंपन्यांनाही तोवर खेळण्यांचं महत्त्व कळलं होतं. सिट्रोएनने १९२३ पासून आपल्याच गाड्यांची खेळणी विकायला काढली.

मग १९३४ च्या सुमारास नाक कलतं. त्या वर्षी अमेरिकेत क्रायस्लर एअरफ्लो आली, चेकोस्लोव्हाकियात टाट्रा ७७ आली. हवा कापत जाणारी, थेंबासारखी गाडी हे त्या काळातलं वेड होतं. एअरफ्लो खऱ्या गिऱ्हाइकांना फारशी रुचली नाही, पण खेळण्यांच्या दुनियेत तिचं राज्य झालं. डिंकीने ती काढलीच. दिवे मडगार्डमध्ये बुडाले, जाळी तिरकी झाली, मागचा भाग उतरत गेला, पायरीची फळी आखडली. म्हणून ताठ जाळी, सुटे दिवे आणि बाजूला टांगलेलं जादा चाक असेल तर ती गाडी आधीची, निदान आधीच्या साच्याची समजा.

न्यूरेंबर्गच्या शुको कंपनीची १९३६ ची किल्लीची गाडी मिळाली तर तिच्या पोटाखाली बघायला विसरू नका. पुढे, इतर चाकांना आडवं, एक छोटं चाक असतं. गाडी टेबलाच्या कडेला आली की नाक खाली झुकतं, ते आडवं चाक टेबलाला टेकतं आणि गाडी स्वतःच वळते, पडत नाही. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा जेवणाच्या टेबलावर वीस मिनिटं गेली आणि आमटी गार झाली.

चौथी पायरी: लाकूड, आणि आडो

हा खरा डच भाग. इथे घाई करायची नाही.

क्षयावर औषध नव्हतं तो काळ. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. त्याआधी क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवायचे: झाडी, मोकळी हवा, सकस अन्न, सक्तीची विश्रांती, आणि ताकद येऊ लागली की थोडं थोडं काम. महिने जात, काहींची वर्षं. 'बेर्ग एन बॉस' हे असंच एक आरोग्यधाम, आधी आपेलडोर्नला होतं, पुढे उत्रेख्तजवळच्या बिल्टहोव्हनला गेलं. तिथल्या कामाच्या शाळेत को व्हेरझू (१९०१ ते १९७१) या माणसाने रुग्णांकडून लाकडी खेळणी करून घ्यायला सुरुवात केली. त्या खेळण्यांचं नाव आडो. तीन डच शब्दांची ती आद्याक्षरं आहेत आणि मराठीत त्यांचा अर्थ साधारण 'कमी क्षमतेच्या माणसांचं काम' असा होतो. आज हे नाव कुणी ठेवणार नाही. तेव्हा ते अभिमानाने ठेवलं होतं.

आडोची मोटार हातात घ्या. तिच्यात मोटारीचं काय काय नाही ते आधी मोजा. दाराची मूठ नाही. दिव्याचं भिंग नाही, जाळी नाही, नंबरप्लेट नाही, ड्रायव्हर नाही. लाकडाचे ठोकळे, सपाट पृष्ठभाग, सरळ कडा, भरीव गोल चाकं. रंग थेट: लाल, निळा, पिवळा, सोबत काळा-पांढरा. न्यूरेंबर्गचा छापकार खिडकीत कुत्रा बसवत होता त्याच वर्षांत हा माणूस खिडकीसुद्धा एका रंगीत चौकोनावर आणत होता.

हे रंग कुठून आले? १९१७ मध्ये लायडनला थेओ फान डूसबुर्खने 'डे स्टाइल' नावाचं मासिक सुरू केलं आणि त्याच्याभोवती चित्रकार-वास्तुकार जमले. सरळ रेषा आणि मूळ रंग हा त्यांचा बाणा. त्यांच्यातला खेरिट रिटफेल्ट उत्रेख्तचा, मुळात सुतार. त्याने १९१८ मध्ये मुलांसाठी ओढायची लाकडी गाडी केली होती. त्याचं प्रसिद्ध श्रोडर घर १९२४ चं, उत्रेख्तमध्येच. व्हेरझू या मंडळाचा सभासद नव्हता, पण हवा तीच होती. दुकानदार मात्र कुठल्याही लाल-निळ्या-पिवळ्या ठोकळ्याला 'डे स्टाइल' म्हणून किंमत चढवतात. तुम्ही चढवून घेऊ नका.

माझं मत विचाराल तर निम्मं उत्तर कलेत आहे आणि निम्मं कामाच्या टेबलात. ज्याला जिना चढताना धाप लागते त्याच्याकडून तुम्ही बारीक कोरीव काम किती करून घेणार? ठरलेल्या मापाचे तुकडे, ठरलेले रंग, एकाने कापायचं, दुसऱ्याने घासायचं, तिसऱ्याने रंगवायचं. अशा कामाला सोपा आकार लागतो. शिवाय मूल गाडी आपटणारच. पत्र्याचं मडगार्ड एका पावसाळ्यात दुमडतं, लाकडाचा ठोकळा नातवंडांपर्यंत जातो.

आणि म्हणूनच आडोचं वर्ष ठरवणं अवघड. पत्र्याची गाडी फॅशनच्या मागे धावते, तेव्हा तिचं साल नाकावरून सांगता येतं. आडोने मोटारीच्या तपशिलाची नक्कल करायचं जवळजवळ सोडूनच दिलं होतं, त्यामुळे ती म्हातारी दिसत नाही. शिवाय ही खेळणी युद्धानंतरही बनत राहिली. 'आडो आहे, म्हणजे १९३० ची' हे वाक्य ऐकलं की पाकीट खिशात ठेवा आणि रंगाचे थर, खिळे, जोड, आस नीट बघा. खालच्या बाजूला छाप किंवा लेबल मिळालं तर उत्तम. लेबल दिसलं तर काय करायचं नाही ते सुरुवातीलाच सांगितलं आहे.

पाचवी पायरी: उलटी करा आणि वाचा

पत्र्याच्या गाडीचा जन्मदाखला तिच्या पोटावर किंवा मागच्या फळीवर असतो, अक्षरं कधी कधी तांदळाच्या दाण्याएवढी. दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवा. 'डी.आर.जी.एम.' ही जर्मन साम्राज्याच्या काळापासूनची नोंदणीची खूण आहे, दुसरं महायुद्ध संपेपर्यंत चालली. 'डी.आर.पी.' म्हणजे पेटंट. बिंग हा न्यूरेंबर्गचा मोठा कारखाना. त्याच्या पहिल्या महायुद्धापूर्वीच्या मालावर 'जी.बी.एन.', नंतरच्या मालावर 'बी.डब्ल्यू.' अशी अक्षरं येतात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत तो कारखाना बुडाला, तेव्हा तुमच्या गाडीच्या सालाची वरची मर्यादाही त्यावरून ठरते. 'टीसीओ' म्हणजे टिप कंपनी.

'यू.एस. झोन जर्मनी' असं लिहिलेलं दिसलं तर ती गाडी १९४५ नंतरची, कितीही जुनाट दिसो. 'वेस्टर्न जर्मनी' असेल तर त्याहूनही पुढची. हे दोन शब्द वाचता आले तरी नवख्याचे निम्मे पैसे वाचतात.

सुकाणू कुठल्या बाजूला आहे तेही बघा. नेदरलँड्समध्ये गाड्या उजवीकडून चालतात, सुकाणू डावीकडे. उजवीकडे सुकाणू असलेली गाडी बहुधा इंग्लंडच्या बाजारासाठी केलेली. यावर फार मात्र विसंबू नका, कारखान्यांना एवढी काटेकोर फिकीर नसायची.

सहावी पायरी: खोटं ओळखणं

जुन्या धाटणीच्या पत्र्याच्या गाड्या आजही नव्याने बनतात, आपल्याकडेही बनतात. नवी म्हणून विकली तर तक्रार नाही. पण दोन वर्षं ओल्या गॅरेजमध्ये ठेवून 'आजोबांची' म्हणून विकली की पंचाईत.

जुना पत्रा म्हणजे कल्हई केलेला लोखंडी पत्रा. पितळी भांड्यांना करतो तीच कल्हई, कथिलाचा थर. त्यामुळे खरा गंज कडांवर, ओरखड्यांत आणि जोडाच्या जिभांवर, जिथे कथील निघालं तिथे आधी येतो. सपाट भागावर सगळीकडे सारखा तांबूस रंग पसरलेला असेल तर तो कुणीतरी बाटलीतून ओतला आहे. जोडाच्या जिभा दुमडलेल्या असतात. त्या उघडून परत मिटल्या तर मुळाशी पांढरी रेघ पडते, कधी जीभ तुटते. म्हणजे गाडी कुणीतरी खोलली होती.

अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटार कारखान्यांत आला, खेळण्यात दिसला तर संशय घ्या. लाकडी गाडीत भुसा दाबून केलेल्या, एमडीएफ म्हणतात त्या गुळगुळीत पाट्या असतील तर प्रश्नच मिटला, त्या पुष्कळ नंतरच्या. जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी मिळते, ती अंधारात लेबलावर मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर तो युद्धानंतरचा असण्याची शक्यता मोठी, कारण कागद असा शुभ्र करणारी रसायनं तेव्हा रुळली.

ओतीव गाड्यांना एक वेगळाच रोग असतो. जस्ताच्या मिश्रणात शिशासारखी अशुद्धता राहून गेली की धातू आतून फुगतो, अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात आणि एक दिवस मडगार्ड बिस्किटासारखं हातात येतं. यावर इलाज नाही. एका गाडीचा रोग दुसरीला लागत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. घेण्याआधी गाडी काचेवर ठेवा. चारही चाकं टेकली नाहीत, सांगाडा वाकलेला वाटला, तर नको म्हणा.

सातवी पायरी: कुठे शोधायचं, काय म्हणायचं

नेदरलँड्समध्ये असाल तर लिलावाच्या भानगडीत लगेच पडू नका. 'क्रिंगलोप' म्हणजे जुन्या सामानाची दुकानं, ती गावोगाव आहेत. ॲमस्टरडॅमला वॉटरलोप्लाइनचा बाजार आहे, उत्तरेकडे जहाजबांधणीच्या जुन्या जागेत आय-हालनचा मोठा बाजार भरतो. आणि २७ एप्रिल आहेच. सकाळी सातला बाहेर पडा. दहानंतर मिळते ती धक्काबुक्की.

डच शब्द चारच पाठ करा. खेळणं म्हणजे 'स्पेलखूट'. पत्रा म्हणजे 'ब्लिक'. लाकूड म्हणजे 'हाउट'. किल्ली म्हणजे 'स्ल्युटल', आणि हा चौथा सगळ्यात महत्त्वाचा, कारण किल्ली हरवलेली असते आणि तेवढ्या मुद्द्यावर भाव उतरतो. माणूस वयस्कर असेल तर भाव करण्याआधी विचारा की ही घरी कुणाची होती. बरेचदा उत्तर मिळतं, आणि ते उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवा. कुठल्या गावातलं घर, कुणाची, अंदाजे कुठल्या साली आणली. पहिल्या कप्प्यातली गाडी 'डच' ठरते ती नेमकी एवढ्याच कागदावर.

पहिल्या वर्षी तीनपेक्षा जास्त गाड्या घेऊ नका. हा नियम मी मोडला. सात घेतल्या, त्यातल्या चार १९५० नंतरच्या निघाल्या.

आठवी पायरी: घरी आणल्यावर

पाणी नको. साबण तर नकोच. मऊ कोरडा ब्रश, रंगाऱ्याचा नव्हे, मेकअपचा चालतो. गंजावर कानस-काथ्या चालवू नका. किल्लीची गाडी पहिल्यांदा फिरवताना अर्धा वेढा द्या, थांबा, आवाज ऐका. स्प्रिंग अडकली असेल तर जोर लावल्याने सुटत नाही, तुटते. दातऱ्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, तोही सुईच्या टोकाने. ठेवताना स्प्रिंग सैल असू द्या. ऊन लागेल अशा खिडकीत ठेवू नका, लाल रंग आधी जातो.

त्या काळातल्या रंगात शिसं असायचं, लाकडी गाड्यांच्या रंगातही असू शकतं. तोंडात घालायच्या वयाचं मूल घरात असेल तर गाडी काचेआड. मोठ्या मुलांना हात लावू द्यायला हरकत नाही, नंतर हात धुवायला सांगा.

प्रत्येक गाडीला वहीत एक पान द्या: माप, वजन, चाकं, खुणा, कुठे मिळाली, कितीला, विकणारा काय म्हणाला. शेजारी तळाचा फोटो, मिळाल्या क्षणाचा, काहीही पुसण्याआधीचा. माझ्या वहीत पहिलं पान त्या ट्रकचं आहे. लांबी २८ सेंटिमीटर, चाकं पिवळी, चार युरो. 'कुणी केली' या ओळीपुढे जागा सोडली आहे, आणि पानाला तो कापसाचा बोळा टाचून ठेवला आहे. त्यावर काळसर निळा डाग दिसतो. भिंगातून कधी कधी मला त्यात एक गोल अक्षर दिसल्यासारखं वाटतं.